बशी उलटी करून बघा: लिमोजची हातानं रंगवलेली जुनी भांडी कशी ओळखावी, घ्यावी आणि जपावी

न्यू जर्सीतल्या एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथं, मी पहिली लिमोज बशी घेतली. चिठ्ठीवर 'हँड पेंटेड, फ्रान्स' असं लिहिलं होतं. काठाला सोनं, मधोमध गुलाबांचा झुबका. ४० डॉलर मोजले. घरी येऊन सोनाराचं भिंग लावलं, तर पाकळ्यांच्या जागी रांगोळी विस्कटल्यासारखे बारीक ठिपके. बशी फ्रान्सचीच होती, जुनीही होती. फक्त तिला लागलेला हात कागदावरचं छापील चित्र चिकटवणाऱ्याचा होता.

तेव्हापासून कुठलीही बशी हातात आली की मी तीन वेगळे प्रश्न विचारते. पांढरी बशी कुणी घडवली? ती कुणी रंगवली? आणि 'रंगवली' म्हणजे नेमकं काय केलं? विकणारा बहुधा पहिल्याचं उत्तर देतो आणि तिन्हींचे पैसे घेतो.

लिमोज ही कंपनी नव्हे

लिमोज हे फ्रान्सच्या मध्यभागातून थोडं नैर्ऋत्येला असलेलं शहर. त्याच्या दक्षिणेला सँ-तिरिये नावाचं गाव आहे. १७६८ च्या सुमारास तिथल्या डार्ने नावाच्या शल्यवैद्याच्या बायकोला एक पांढरी, गुळगुळीत माती सापडली आणि ती कपडे धुवायला बरी पडेल असं तिला वाटलं, अशी हकिकत सांगतात. ती माती केओलिन निघाली. चीनला जी अस्सल कडक पोर्सिलेन, म्हणजे उजेड थोडा आरपार जाऊ देणारी पांढरी चिनी माती, साधली होती, तिचं गमक हीच माती. तोवर फ्रान्समध्ये काचेचा चुरा मिसळून मऊ जातीची पोर्सिलेन बनत असे. १७७१ मध्ये लिमोजला पहिला कारखाना निघाला, १७८४ मध्ये तो राजानं विकत घेऊन पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या पोर्सिलेनच्या राजकारखान्याला जोडला. पुढच्या शतकात तर शहरभर भट्ट्या पेटल्या.

अमेरिकेत ही भांडी इतकी का सापडतात, याचं उत्तर डेव्हिड हॅविलँड. न्यूयॉर्कचा हा चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी १८४२ मध्ये लिमोजलाच जाऊन राहिला आणि अमेरिकी गिऱ्हाइकाच्या आवडीचे आकार आणि नक्षी तिथं करवून घेऊ लागला. पुढे त्याच्या मुलांत फाटलं आणि १८९२ मध्ये थिओडोरनं वेगळी चूल मांडली. शिवाय चार्ल्स फील्ड हॅविलँड हा नातलग होताच. म्हणून बशांमागे एकाच आडनावाचे तीन-तीन शिक्के दिसतात. भाऊबंदकी आपल्याकडे सात-बाऱ्यावर दिसते, त्यांच्याकडे बशीच्या बुडावर.

आमच्या धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बशी घडवणं आणि ती रंगवणं ही दोन कामं बरेचदा दोन वेगळ्या छपरांखाली होत. काही कारखाने दोन्ही करत. काही नुसता पांढरा माल विकत आणि दुसऱ्या कार्यशाळा तो रंगवत. आपल्या खोलीत बसून काम करणारे सुटे रंगारीही होते, त्यांना फ्रेंचमध्ये शांब्रलाँ म्हणत. भरीस भर, १९व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत घरोघरच्या बायकांना पोर्सिलेन रंगवण्याचा नाद लागला आणि लिमोजचा कोरा माल जहाजं भरभरून तिकडे गेला. म्हणजे बशी लिमोजची आणि गुलाब ओहायोतल्या एखाद्या काकूंचे, असं सर्रास घडलेलं आहे.

आधी ठरवा काय जमवायचं

१२ माणसांचा पूर्ण संच घ्यायचा मोह पहिल्याच महिन्यात होतो. टाळा. पूर्ण संच बहुतेक छापील नक्षीचेच असतात, जागा खातात, आणि त्यातली एक बशी फुटली की जोडीदार शोधण्यात वर्षं जातात. हातानं रंगवलेला माल पाहिजे असेल तर फळं, मासे किंवा पक्षी असलेल्या सुट्या बशा, कालवांच्या खळग्यांच्या बशा, उंच चोचीची चॉकलेटची किटली, अशी एखादी शाखा धरा. ज्यांचं घर मुंबईत आहे त्यांना माझा सल्ला लोण्याच्या चिमुकल्या बशांचा. जेमतेम ७-८ सेंटिमीटरच्या या बशा पूर्वी टेबलावर प्रत्येकापुढे लोण्याच्या गोळीसाठी ठेवत. पन्नास जमल्या तरी एका खणात मावतात.

पहिली पायरी: टिचकी आणि उजेड

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच इथं. बशी तीन बोटांच्या टोकांवर तोला आणि काठाला नखानं हळूच टिचकी द्या. धड बशी घंटीसारखी खणखणीत वाजते. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे किंवा डागडुजी झालेली आहे.

मग ती दिव्यासमोर धरून मागून बोटं फिरवा. अस्सल कडक पोर्सिलेनमधून बोटांची सावली दिसते, मातीच्या पांढऱ्या भांड्यातून दिसत नाही. वरच्या झिलईवर, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील तर सावध व्हा, कारण लिमोजची झिलई १४०० अंशांच्या आसपास बशीच्या अंगाशीच एकजीव झालेली असते आणि सहसा अशी तडकत नाही.

दुसरी पायरी: बूड वाचायला शिका

लिमोजच्या बशीमागे बरेचदा दोन शिक्के असतात. एक झिलईच्या खाली, बहुधा हिरवा. तो घडवणाऱ्याचा. बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. दुसरा झिलईच्या वर, लाल, निळा, करडा किंवा सोनेरी. तो रंगवणाऱ्या कार्यशाळेचा, कधी माल मागवणाऱ्या दुकानाचा. भिंगातून बघितलं तर तो पृष्ठभागावर बसलेला दिसतो.

आता जोड्या लावा. हिरवा आणि वरचा दोन्ही शिक्के आहेत: व्यावसायिक कार्यशाळेत नक्षी झाली. फक्त हिरवा आहे, वरचा नाही: पांढरा माल कोरा विकला गेला, नक्षी बाहेर कुठंतरी झाली असण्याची दाट शक्यता. अशा वेळी नाव आणि साल शोधा. अमेरिकी हौशी चित्रकर्त्या बायका बुडावर किंवा चित्राच्या कोपऱ्यात मोठ्या अभिमानानं सही आणि वर्ष टाकत. ही बशी कमअस्सल नव्हे. काही हात थक्क करणारे आहेत, आणि शिकागोच्या पिकार्डसारख्या व्यावसायिक चित्रशाळांनीही लिमोजचाच कोरा माल वापरला. फक्त तिला 'फ्रान्समध्ये रंगवलेली' म्हणून विकत घेऊ नका.

नेहमी भेटणारी अक्षरं पाठ करून टाका. जे. पी. एल. म्हणजे जाँ पूया, टी अँड व्ही म्हणजे ट्रेसमान आणि व्होग्ट, जी. डी. ए. म्हणजे जेरार, ड्युफ्रेसे आणि अॅबट, आणि एच अँड को म्हणजे थोरली हॅविलँड कंपनी, जी १९३१ मध्ये बंद झाली. हॅविलँडच्या छापील नक्षींना अर्लीन श्लायगर या अमेरिकी बाईंनी क्रमांक दिले आहेत. संचातली हरवलेली बशी शोधायची असेल तर ते क्रमांक फार कामाचे.

काळ ठरवायचा एक सोपा खुंटा आहे. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि तो नियम १८९१ पासून लागू झाला. म्हणून शिक्क्यात 'फ्रान्स' असेल तर बशी बहुधा त्यानंतरची. उलटं मात्र खरं धरू नका. 'फ्रान्स' नाही म्हणून ती जुनीच, असं होत नाही, कारण जो माल अमेरिकेला जायचाच नव्हता त्याला हा नियम कशाला लागेल?

आणि नुसतं 'लिमोज' बघून तर अजिबात हुरळू नका. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सीब्रिंग गावी 'लिमोज चायना' नावाचा कारखाना होता. त्याचा माल आजही फ्रेंच म्हणून खपवला जातो. अलीकडे आशियात तयार होऊन, जुन्या शिक्क्यांच्या नकला मारून येणारा मालही भरपूर आहे. त्याचा हिरवा शिक्का फार ठसठशीत आणि बूड फार स्वच्छ असतं. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या बशीच्या पायकडीवर, म्हणजे बशी ज्यावर टेकते त्या बुडाच्या कडेवर, बारीक, वेड्यावाकड्या ओरखड्यांची घासट असतेच. 'लिमोजची पोर्सिलेन' या नावाला फ्रान्समध्ये भौगोलिक संरक्षण मिळालं ते २०१७ मध्ये. त्याआधीच्या मालाला त्याचा काही उपयोग नाही.

तिसरी पायरी: कुंचला की कागद

इथं घाई करू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तिरका पडणारा उजेड एवढंच पुरे.

सोपं ते आधी. फुलाच्या छायेत ठिपके दिसले तर ते दगडछापाईचं चित्र. हे कागदावर रंगांत छापत, बशीवर चिकटवत, कागद धुऊन काढत आणि मग भाजत. १८७० च्या दशकापासून हॅविलँडसारख्या कारखान्यांनी हे तंत्र धडाक्यानं वापरलं. नक्षीची किनार असेल तर तिचा सांधा शोधा. पट्टी जिथं येऊन मिळते तिथं एखादं पान अर्धवट कापलेलं किंवा एकावर एक चढलेलं सापडतं. एकाच संचातल्या दोन बशा शेजारी ठेवल्या आणि कळीचा कळीला, देठाचा देठाला मेळ बसला, तर माणसाच्या हाताचा प्रश्नच मिटला.

खरी मेख मधल्या प्रकारात आहे. बाह्यरेषा छापील, एकाच करड्या किंवा तपकिरी रंगाची, सगळीकडे सारख्याच जाडीची, आणि आतला रंग हातानं भरलेला. रंग रेषेबाहेर सांडलेला दिसतो, लहान मुलाच्या रंगवायच्या वहीत दिसतो तसा. याला 'हँड पेंटेड' म्हणणं म्हणजे अर्धसत्य, आणि बाजारात सर्वात जास्त हेच अर्धसत्य विकलं जातं. नंतरच्या फ्रेंच शिक्क्यांत भेद लिहिलेलाही असतो. 'पँ आ ला मँ' म्हणजे हातानं रंगवलेलं. 'रहोसे मँ' म्हणजे छापील चित्रावर हातानं थोडे फटकारे मारून उठाव आणलेला. फ्रेंच येत नसलं तरी हे दोन शब्दप्रयोग ओळखू यायलाच हवेत.

हाताचं काम कसं दिसतं? पाकळी एका फटकाऱ्यात येते. कुंचल्याच्या एका बाजूला जास्त रंग घेतलेला असतो, त्यामुळे एक कड गडद आणि दुसरी विरत गेलेली. केसांच्या बारीक रेघा दिसतात. उजळ जागा पांढरा रंग लावून नव्हे, तर ओला रंग पुसून काढलेली असते, खालची बशी उघडी पडते तोच प्रकाश. द्राक्षावरचा चमकता ठिपका जवळून बघा, बहुतेक वेळा तो असाच टिपून काढलेला असतो. बशी तिरकी धरली की रंगाचा थर जागोजाग कमीजास्त उंच भासतो.

गुलाबी रंगाकडे मी नेहमी वेगळं बघते. तो सोन्यापासून बनतो आणि भट्टीत फार नखरे करतो. कमी भाजला तर मातकट होतो, जास्त भाजला तर जांभळट. स्वच्छ, ताजा गुलाबी ज्याला साधला त्याला भट्टी कळत होती, एवढं नक्की म्हणता येतं.

सहीवर मात्र विश्वास ठेवू नका. सहीसुद्धा छापता येते. बागेत बसलेल्या प्रेमी युगुलांच्या बशांवर 'फ्रागोनार' अशी झोकदार सही असते. तो चित्रकार १८०६ मध्येच वारला. त्याच्या चित्रांच्या छापील नकला करताना सहीही सोबत आली, इतकंच. भिंगाखाली सहीतही ठिपके निघतात.

आणि या छपाईनं कुणाचा घास गेला हेही ऐकून ठेवा. लिमोजला १८४१ मध्ये जन्मलेला प्रसिद्ध चित्रकार ओग्युस्त रन्वार पोरवयात पॅरिसच्या एका कार्यशाळेत पोर्सिलेन रंगवायला लागला होता. यंत्रानं नक्षी छापायची सोय झाली आणि ते काम सुटलं. पुढे तो कॅनव्हासकडे वळला.

सोनं

काठाचं सोनं दोन प्रकारचं असतं. आरशासारखं लख्ख आणि पातळ असलेलं द्रव सोनं १९व्या शतकातली सोय, भट्टीतून चकचकीतच बाहेर येतं आणि लवकर झिजतं. दुसरं भट्टीतून मंद निघतं आणि मग अकीकाच्या दगडानं घोटून चमकवावं लागतं. त्याची झळाळी खोल, थोडी लोण्यासारखी. काठ थोडासा झिजला असेल तर घाबरू नका, वापरातली बशी आहे. पण चित्र झिजलेलं आणि काठ मात्र कोरा करकरीत असेल, तर सोनं नंतर चढवलंय.

चौथी पायरी: जखमा शोधा

काठावरून डोळे मिटून बोट फिरवा. टवका उडालेला असेल तर बोटाला आधी कळतो. केसासारखा तडा दिसत नसेल तर बशी उजेडासमोर फिरवत राहा. डागडुजीसाठी एक बारकी अतिनील बॅटरी जवळ बाळगा. अंधारात ती मारली की नव्या रंगाचा किंवा सरसाचा तुकडा आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो. पेल्याचा कान आणि किटलीची चोच, या दोन जागा आधी तपासा. तुटतात त्याच.

सुट्या बशीवर टवका असेल तर मी ती सोडते. अपवाद एकच: अभ्यासाची बशी. हातानं केलेलं उत्तम काम, पण काठ तुटका, म्हणून मातीमोल भावात मिळालं तर जरूर घ्या आणि शेजारी एक छापील बशी ठेवा. महिनाभर दोन्हींकडे बघण्यात जे शिकायला मिळतं ते कुठल्याच शिक्क्यांच्या यादीत नाही.

सेव्रचा सापळा

कधीतरी तुमच्यासमोर एकमेकांत गुंफलेले दोन 'एल' आणि मध्ये एक अक्षर असा निळा शिक्का येईल आणि विकणारा आवाज खाली आणून 'सेव्र' म्हणेल. राजाश्रयाचा हा कारखाना व्हँसेनहून १७५६ मध्ये सेव्रला आला. १७५३ पासून शिक्क्यात वर्षाचं अक्षर घालायची पद्धत होती, 'ए' म्हणजे १७५३. जगात याच शिक्क्याची सर्वाधिक नक्कल झालेली असावी. १९व्या शतकाच्या सुरुवातीला संचालक ब्रोंन्यार यांनी साठलेला जुना पांढरा माल विकून टाकला आणि बाहेरच्या रंगाऱ्यांनी तो 'जुन्या सेव्र' थाटात रंगवला. त्यामुळे माती खरी आणि चित्र खोटं, असा गुंता झाला.

दोन प्रश्न विचारले तर बरीचशी लबाडी गळून पडते. अक्षर १७६० च्या आसपासचं आणि बशी कडक पोर्सिलेनची? अशक्य, कारण सेव्रला कडक माल १७६९ नंतर सुरू झाला. आणि पानांचा हिरवा कसला आहे? क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ मध्ये सापडलं. १७७० ची म्हणवणाऱ्या बशीवर क्रोमियमचा तो घट्ट, पिवळसर झाक असलेला हिरवा दिसला, तर चित्र नंतरचं. जुना हिरवा तांब्याचा, थोडा निळसर आणि पारदर्शक.

भारतात या बशांना राजवाड्याची कहाणी चिकटवणं सोपं जातं, कारण एक खरी घटना पाठीशी आहे: १७८८ मध्ये टिपू सुलतानाचे वकील फ्रान्सला गेले, तेव्हा सोळाव्या लुईनं सेव्रची भांडी भेट दिली होती. म्हणून काय प्रत्येक बशी श्रीरंगपट्टणहून आली? कहाणीचे पैसे देऊ नका.

कुठं घ्यावं

स्वस्तात शिकायचं तर अमेरिकेतल्या इस्टेट सेल. तिकडच्या मुलांना आजीचा डिनर सेट नको असतो, डिशवॉशरमध्ये जात नाही म्हणून. सुटी छापील बशी १५-२० डॉलरला मिळते, हाताचं चांगलं काम त्याच्या कितीतरी पट. फ्रान्समध्ये गावोगावच्या रविवारच्या जुन्या बाजारात नशीब काढा, पॅरिसच्या सँ-तुआँ बाजारात बघायला जा आणि घासाघीस करायची तयारी ठेवा. लिलावात बोलीवर खरेदीदाराची दलाली चढते, ती आधी विचारा. लिमोजला गेलात तर आद्रियाँ द्युबुशे संग्रहालय आणि १८८४ ची कासो भट्टी, दोन्ही बघा. भट्टीच्या आत उभं राहिल्यावर एका बशीमागे किती लाकूड-कोळसा गेला असेल याचा अंदाज येतो.

मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर युरोपी भांडी दिसतात, पण तिथं भिंगाशिवाय जाऊ नका. डोळा तयार करायला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं टाटा मंडळींचं युरोपी दालन चांगलं.

ऑनलाइन घेताना चार फोटो मागा: बुडाचा, चित्राचा अगदी जवळून, काठाचा तिरक्या उजेडात, आणि बशी दिव्यासमोर धरलेली. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. बांधणीसाठी प्रत्येक बशी वेगळी गुंडाळून उभी ठेवायला सांगा, आडवी थप्पी नको. माझ्या पहिल्या पार्सलात सहापैकी दोनच बशा जिवंत पोचल्या, त्या थप्पीतल्या वरच्या दोन.

परदेशातून परतताना हा संग्रह सोबत आणणार असाल तर एक लक्षात ठेवा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती भारतातून खाजगीरीत्या बाहेर नेता येत नाही. आणताना जकातीची कागदपत्रं आणि खरेदीच्या पावत्या नीट जपा. मुलीला पुढेमागे बॉस्टनला द्यायच्या असतील तर आणण्याआधीच विचार करा.

घरात आल्यावर

धुणं स्वतःच करा. टबात खाली टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, एका वेळी एकच बशी. तारेची घासणी, पितांबरी, ब्लीच यांपैकी काही नको. मायक्रोवेव्हमध्ये सोन्याच्या काठाच्या ठिणग्या उडतात. भाजलेल्या रंगांत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात, म्हणून रंगलेल्या भागावर सोलकढी, लोणचं, लिंबू पिळलेली कोशिंबीर वाढू नका. झिलई नसलेल्या पायकडीला हळद लागली तर ती निघायची नाही. पाहुणे आले की माझ्याकडे या बशांत कोरडी बिस्किटं किंवा बर्फी येते, तीही खाली कागदी रुमाल ठेवून.

बशांच्या मधे फेल्टचा किंवा जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा घाला. पेले एकात एक ठेवू नका, कानाला टांगू तर नकाच. भिंतीवर लावायच्या स्प्रिंगच्या तारा काठ कुरतडतात. लाकडी घडवंचीत उभ्या ठेवलेल्या बऱ्या.

शेवटी वही. प्रत्येक बशीला एक पान: मोजमाप, दोन्ही शिक्क्यांचे फोटो, कुठून, कितीला, आणि त्या तीन प्रश्नांची उत्तरं. ज्याचं उत्तर मिळालं नाही तिथं जागा कोरी सोडा. माझ्या त्या ४० डॉलरच्या बशीच्या पानावर 'रंगवणारा' या शब्दापुढे 'यंत्र' असं लिहिलंय, आणि ती बशी आता चहाच्या ट्रेमध्ये चमचे ठेवायला आहे.